केपेचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत शंकर नगर, रायपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि छत्तीसगडातील भोसलेकालीन मराठी घराणी अशा भारदस्त विषयांच्या मालिकेत काडतुसावर बोलण्यासाठी आमच्यासारख्याला उभे करावे, हे चिटणीसांचे धाडसच म्हणावयाचे. आमची उभी नोकरी लहान शस्त्रांच्या काडतुसांच्या तपासणीत गेली. तोफगोळ्याचा थाट मोठा, रणगाड्याचा त्याहून मोठा. पिस्तुलाच्या काडतुसाला मात्र कोणी हार घालत नाही. त्यातही आज आम्ही ज्या भागाविषयी बोलणार आहोत तो भाग मसुरीच्या डाळीएवढा आहे. त्याला मराठीत केप म्हणतात. ही केप आपल्या घरात नीट बसली तर काडतूस उडते आणि नीट बसली नाही तर ऐन वेळी 'खट्' असा आवाज येऊन सारे शांत राहते. ज्याच्या हातात ते पिस्तूल असते त्याच्या दृष्टीने ती शांतता किती भयंकर असते, हे या राज्यात पोलिसांच्या आणि जवानांच्या कुटुंबांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रथम काडतुसाची ओळख. पितळेची नळी, जिला आपण पुंगळी म्हणतो, तिच्या तोंडाशी बसवलेली गोळी, पोटात दारू, आणि बुडाच्या मध्यभागी एक गोल खळगा, त्यात दाबून बसवलेली केप. या खळग्याला कारखान्यात निरनिराळी नावे आहेत, परंतु आम्हांला 'केपेचे घर' हेच नाव आवडते. पिस्तुलाच्या लहान केपेचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे सुमारे साडेचार मिलिमीटर, मोठीचा ०.२१० इंच, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरांच्या किंचित वर. घराची खोली सुमारे तीन मिलिमीटर. पुढील सगळी कथा या तीन मिलिमीटरांत घडते.

केपेच्या आधी काय होते? आपल्या जुन्या भाषेत त्याची आठवण शिल्लक आहे. बंदुकीच्या किंवा तोफेच्या बुडाशी जे बारीक छिद्र असे त्याला कान म्हणत. कानाशी जी बारीक दारू घालीत ती रंजक. तिला तोड्याच्या विस्तवाने किंवा गारेच्या ठिणगीने पेटवावयाचे, म्हणजे ज्वाला कानातून आत शिरून मुख्य दारू पेटे. शत्रूची तोफ निकामी करावयाची तर तिच्या कानात खिळा ठोकीत. पावसाच्या एका सरीने रंजक भिजली की बंदूक म्हणजे नुसती काठी. स्कॉटलंडातील बेलहेल्व्ही येथील अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या धर्मोपदेशकाला शिकारीचा नाद होता. रंजक पेटल्याचा लोळ पाहूनच पक्षी उडून जातात, या त्राग्यातून त्याने ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा उपयोग बंदुकीत करून पाहिला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे हे द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरले जाऊ लागले, तीच आपली केप. बंदुकीच्या कानावर पोकळ बोंड बसवावयाचे, त्यावर टोपी घालावयाची, आणि घोडा तिच्यावर आपटावयाचा.

आपल्या रायपूरचा या कथेशी थोडा संबंध आहे. १८५७ साली ज्या काडतुसांवरून वणवा पेटला ती कागदी होती. कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतावयाची, मग गोळी ठासावयाची, आणि शेवटी बोटांच्या चिमटीत केप धरून ती बोंडावर बसवावयाची. म्हणजे काडतूस निराळे आणि केप निराळी. त्या वर्षी १० डिसेंबरला सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना याच शहरात फाशी देण्यात आले, आणि सहा आठवड्यांच्या आत, १८ जानेवारी १८५८ रोजी, तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंहाने सार्जंट-मेजर सिडवेल याचा वध केला. हनुमानसिंहाच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारीला फाशी झाली; तो स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही. त्याचा हुद्दा इतिहासाच्या पुस्तकांत 'मॅगझीन लष्कर' असा येतो. येथे लष्कर म्हणजे सैन्य नव्हे. दारूगोळ्याच्या कोठारावर राबणारा नोकर. आमच्या धंद्याचा हा माणूस. त्याच्या पराक्रमाचे वर्णन करताना सारे तलवारीचे वर्णन करतात. पण त्याची रोजची मजुरी केपा आणि काडतुसे सुकी ठेवण्याची असणार, असे आम्हांला राहून राहून वाटते.

ठासणीच्या बंदुका येथून अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. बस्तरकडे त्यांना भरमार म्हणतात. त्यांची केप आजही बाहेरच बसते. ती केप काडतुसाच्या पोटात नेऊन बसवण्याचे काम झाले ते १८६६ च्या सुमारास, आणि गंमत अशी की एकाच सुमारास दोघांनी ते दोन रीतींनी केले. वुलिच येथील इंग्रज अधिकारी कर्नल बॉक्सर याच्या रीतीत ऐरण केपेच्या आतच असते. अमेरिकन बर्डन याच्या रीतीत ऐरण पुंगळीच्या बुडातच उठवलेली असते आणि केप म्हणजे नुसती वाटी. ऐरण हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण काम तेच आहे. पिस्तुलाची सुई बाहेरून ठोका देते, आतले द्रव्य केपेचे पितळ आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडले जाते, आणि त्याची ज्वाला छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. ऐरणीवाचून लोहाराचा घाव जसा वाया जातो तसाच ऐरणीवाचून सुईचाही जातो. पुढे इंग्रजाची रीत अमेरिकेत रुळली आणि अमेरिकनाची युरोपात व तिच्या वसाहतींत. घरचा वैद्य कोणाला रुचतो!

पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना निघाला १८६९ साली, म्हणजे या शोधानंतर अवघ्या तीन वर्षांत. ३०३ बंदुकीच्या काडतुसाच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरे ज्यांनी पाहिली असतील त्यांनी खडकीचे नाव वाचले आहे. त्यातला 'के' हा किर्कीचा, कारण साहेबाला खडकी म्हणता येत नसे. लहान शस्त्रांच्या काडतुसांचा दुसरा कारखाना १९६४ साली भुसावळजवळ वरणगावला उभा राहिला. रायपुराहून मुंबईकडे जाणारी आपली गाडी मलकापूर सोडून भुसावळ गाठण्यापूर्वी वरणगाव स्टेशनावरून जाते. खानदेशातील मंडळी तेथे सामान आवरू लागतात. आम्ही खिडकीशी जाऊन बसतो. २०२१ च्या १ ऑक्टोबरला आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यात हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या पुण्याच्या कंपनीकडे गेले.

आता मुख्य विषयाकडे येऊ. काडतूस उडाले की गोळी जाते, दारू जळते, केप चेपून निकामी होते. पुंगळी मात्र शिल्लक राहते. काडतुसातला सर्वांत महाग जिन्नस तोच. मग ती पुन्हा का भरू नये? अमेरिकेत हौशी नेमबाज लाखोंनी आहेत आणि त्यांच्यापैकी बरेच जण घरच्या मोटारखान्यात लहानसा दाबयंत्राचा पाट मांडून हे काम करतात. आपल्याकडे तसे करता येत नाही, आणि करू नये, हे या व्यासपीठावरून स्पष्ट सांगितले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री येते. परवान्यावाचून तो तयार करणे हा गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. सरकारी दलांत सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात, ते याच कारणाने. मैदानावर संध्याकाळी गवतात वाकून एक हरवलेली पुंगळी शोधणारे जवान ज्यांनी पाहिले असतील त्यांना हा हिशेब किती कडक असतो ते ठाऊक आहे.

आणि कोल्हापूरकरांचे काय, असे कोणी विचारील. तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण मिळवले, स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक आणले. या सर्वांची ती काडतुसे.२२ ची. त्यांत केपेला घरच नसते. ठोक्याचे द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि सुई त्या कडेवरच पडते. ते एकदा उडाले की संपले. त्याची पुंगळी पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही.

आमच्या एका भाच्याला मात्र तो प्रश्न पडला. तो टेक्सासमध्ये असतो. शनिवार-रविवारी ९ मिलिमीटरचे पिस्तूल घेऊन मैदानावर जातो आणि स्वतःची काडतुसे स्वतः भरतो. तेथे ते कायद्यास धरून आहे. एके रात्री त्याचा फोन आला. "मामा, दोनशे पुंगळ्या भरायला घेतल्या. पंधरावीस केपा आत जातच नाहीत. थोड्या वाकड्या चेपल्या. आणि दहाबारा तयार काडतुसांच्या केपा किंचित वर राहिल्यात. त्या पुन्हा यंत्रात घालून दाबू का?"

यातला शेवटचा प्रश्न आम्ही पहिला घेतला. नाही. दारू आणि गोळी भरलेल्या काडतुसाची केप पुन्हा दाबावयाची नाही. हळूही नाही, एकदाच म्हणूनही नाही. केप दाबाने उडण्यासाठीच बनवलेली आहे. बंदुकीत काडतूस उडते तेव्हा त्याच्या चारही बाजूंना पोलाद असते आणि गोळीला जाण्यास नळीची वाट असते. पाटावर ते उडाले तर पुंगळी फाटून पितळेच्या चिरफळ्या थेट चेहऱ्यावर येतात. त्या दहाबारा काडतुसांच्या गोळ्या चिमट्याने उपसून, दारू काढून घेऊन मगच पुढचे बोलू, असे आम्ही त्याला बजावले. त्याने त्याच रात्री, डोळ्यांवर जाड चष्मा चढवून, ते काम केले. एक तास गेला. डोळा गेला असता तर तो पुन्हा आला नसता.

केप वर राहिली तर एवढे काय बिघडते, हे समजण्यासाठी केप बसते कशी ते पाहिले पाहिजे. बॉक्सर रीतीच्या केपेत ऐरण ही दोन किंवा तीन पायांची असते आणि तिचे पाय वाटीच्या काठाबाहेर अगदी किंचित डोकावतात. केप घरात दाबली की प्रथम हे पाय घराच्या तळाला टेकतात. त्यापुढे अगदी थोडा दाब दिला की ऐरण आत सरकून द्रव्याला जेमतेम चिकटते. केप तयार होते ती येथे. तिची पाठ या वेळी पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच सहस्रांश इंच खाली गेलेली असते, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीइतकी. पाय तळाला टेकलेच नाहीत तर काय होईल? सुईचा ठोका पडेल, परंतु त्याचा सारा जोर केपेला आत ढकलण्यात खर्च होईल. ठोका देऊन सुईनेच केप बसवली, असे म्हणा. काडतूस उडणार नाही. तेच काडतूस पुन्हा घोड्याखाली आणले तर दुसऱ्या ठोक्याला हटकून उडेल, कारण आता पाय टेकलेले आहेत. तपासणीत आम्हांला ही खूण फार उपयोगी पडे. पहिल्या ठोक्याला मुके आणि दुसऱ्याला बोलके झालेले काडतूस सुईचा किंवा द्रव्याचा दोष क्वचित सांगते. बहुधा ते केप उथळ बसल्याची तक्रार करीत असते.

रिव्हॉल्व्हरमध्ये याहून निराळी अडचण येते. वर राहिलेली केप मागच्या पोलादी भिंतीला घासते आणि काडतुसांचे चक्र फिरेनासे होते. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात धोका त्याच्या उलट. सरकणारे पोलाद वेगाने पुढे येऊन त्या वर आलेल्या केपेवरच आदळते, आणि चाप न ओढता गोळी सुटण्याचा संभव उत्पन्न होतो. तो क्वचितचा, पण कोणाच्या तरी नशिबी येणारा.

भाच्याच्या पंधरावीस पुंगळ्यांचा तपास आम्ही फोनवरूनच केला. पहिला प्रश्न विचारला: मैदानावर जे मिळाले ते सारे गोळा केले आहेस काय? होय म्हणाला. मग बुडावरची अक्षरे वाचून वेगवेगळे ढीग कर, असे सांगितले. न जाणाऱ्या पुंगळ्यांपैकी बहुतेक सैनिकी निघाल्या. आणि ते अपेक्षितच होते. सैन्याच्या काडतुसाची केप उडताना मागे सुटून यंत्रात अडकू नये म्हणून कारखान्यात घराचा काठ वरून वर्तुळाकार किंवा तीन ठिकाणी चेपून केपेला जणू कुलूप घालतात. उडालेली केप सळईने खालून ढकलून काढता येते, पण चेपलेला काठ तसाच आत वळलेला राहतो. त्यात नवी केप घालावयाची म्हणजे अरुंद तोंडाच्या बरणीत रुंद बूच घालण्यासारखे. ती वाकते, कडेने सोलते, आणि सर्वांत वाईट म्हणजे अर्ध्यातच अडकते. यावर उपाय दोन. बारीक धारेच्या पात्याने तो काठ खरवडून काढणे, किंवा पोलादी बोंडाने दाबून काठ पुन्हा बाहेर सरकवणे. पहिल्या रीतीत हात जड पडला की घरच मोठे होते आणि मग केप सैल बसते. आम्हांला दुसरी रीत बरी वाटते, जरी तिला निराळे हत्यार लागते.

त्यातल्या दोन पुंगळ्यांच्या तळाशी मधोमध एक छिद्र असण्याऐवजी दोन बारीक छिद्रे होती. त्या बर्डनच्या. त्यांची जुनी केप सळईने काढू पाहिले तर सळई तुटते, ऐरण तुटत नाही. त्या सरळ भंगारात टाकण्यास सांगितले. हौशी माणसाच्या काटकसरीला जेथे थांबावयाचे असते, ती जागा ही.

उरल्या चारपाच. त्या साध्या, व्यापारी कारखान्याच्या, काठ कोरा. त्यांच्या घरात काळी राख घट्ट बसली होती. केप जळल्यावर तळाशी जी राख धरते तिचा थर पानाच्या जाडीचा होण्यास वेळ लागत नाही, आणि आपला सगळा हिशेब पानाच्या जाडीचाच आहे. पायांना टेकण्यासाठी कठीण तळ हवा, तेथे राखेची गादी मिळते. एका लहान पोलादी कुंच्याने दोन फेरे मारले की काम भागते. जुन्या काळची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. पूर्वीच्या केपांत पाऱ्याचे द्रव्य असे, आणि तो पारा पितळेत मुरून पुंगळीच ठिसूळ करी. पुढे पोटॅशियम क्लोरेटच्या केपा आल्या. त्यांच्या धुरातून साध्या मिठासारखा क्षार नळीत बसे आणि हवेतला ओलावा ओढून गंज चढवी. ३०३ बंदुकीच्या नळीत जुने शिपाई उकळते पाणी ओतीत ते हा क्षार विरघळवण्यासाठी. तेल कितीही चोपडले तरी मीठ तेलात विरघळत नाही, हे त्यांना रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होते.

यंत्राचाही दोष असू शकतो, म्हणून तेही तपासून घेतले. पुंगळीचे बूड ज्या खाचेत अडकवतात ती खाच झिजली असेल तर पुंगळी दाबाखाली तिरकी होते आणि केप कललेली जाते. केप ढकलणाऱ्या दांड्याच्या माथ्यावर राखेचा एखादा कण चिकटला तर प्रत्येक केपेच्या पाठीवर तोच खड्डा उमटतो. अशी एकसारखी खूण दिसली की दोष पुंगळीत शोधण्यात अर्थ नाही. पंचेचाळीस बोअरच्या पिस्तुलाची तर न्यारीच तऱ्हा. तिच्या पुंगळ्या पूर्वी सगळ्या मोठ्या केपेच्या असत, आता काही कारखाने लहान केपेच्याही काढतात. ढिगात दोन्ही मिसळल्या की मोठी केप लहान घराच्या दारात चिरडते. त्याला शहाणपणापेक्षा नजर पुरे.

केप सहज, काहीच विरोध न होता आत गेली तर हौशी माणूस खूश होतो. आम्ही तेथे हात थांबवतो. ९ मिलिमीटरच्या काडतुसात दारू जळताना वातावरणाच्या दोन हजार पटींहून अधिक दाब उत्पन्न होतो. वारंवार भरलेल्या किंवा जास्त दारूच्या पुंगळीचे बूड त्या दाबाने ताणले जाते आणि घर सैलावते. अशा घरातली केप धक्क्याने बाहेर येते, किंवा तिच्या कडेने तप्त वायू मागे फुटतो आणि पिस्तुलाच्या पोलादावर चरे पाडतो. ती पुंगळी पक्कडीने चेपून टाकावी. नुसती टाकली तर कोणीतरी पुन्हा उचलतो. आणि केप बसवण्याचे काम यंत्राच्या लांब दांड्यापेक्षा हातातल्या लहान चिमट्याने करणे चांगले, हे आमचे मत या सैल-घट्टपणामुळेच झाले आहे. टिचबटण नीट बसले की नाही ते जसे बोटांना कळते तसे येथेही कळते. आधी थोडा विरोध, मग तळाला टेकल्याची एक स्पष्ट जाणीव, मग अगदी किंचित दाब. त्यापुढे ताकद लावली तर आतली द्रव्याची वडी फुटते, आणि केप खोल बसूनही काडतूस मुके राहते. बसवून झाले की बुडावरून बोटाचे टोक फिरवावे. वर राहिलेली केप बोटाला लागते. तयार काडतूस सपाट काचेवर उभे करून पाहण्याचीही रीत आहे. डुलले तर संशय घ्यावा. कारखान्यात यासाठी मापयंत्रे असतात आणि ती बोटापेक्षा अचूक असतात. तरीही मापयंत्राखालून गेलेला नमुना पुन्हा एकदा बोटाने पाहण्याची सवय आम्हां कोणाचीच सुटली नाही.

उलट्या बसलेल्या केपेविषयी आणि तेलाविषयी थोडे. उलटी केप खुपसून काढण्याचा मोह धरू नये. ती जिवंतच असते. तेलकट बोटांनी केपा हाताळल्या तर तेल आत झिरपून द्रव्य मारते, असे जुने लोक सांगत आणि ते बरोबर आहे. सैनिकी काडतुसाच्या केपेभोवती जे रंगीत वलय दिसते ते मूळचे लाखेचे, ओल आणि तेल आत जाऊ नये म्हणून. ब्रिटिश पद्धतीत ३०३ च्या साध्या काडतुसाला जांभळे वलय असे, चिलखत भेदणाऱ्याला हिरवे, आणि मागे उजेडाची रेघ सोडणाऱ्याला लाल. अंधारात मशालीच्या उजेडाने पेटी उघडणाऱ्याला त्या वलयाने किती मदत केली असेल!

केपा साठवताना लोकांना त्यांचा आकार फसवतो. दिवाळीतल्या टिकल्यांसारख्या दिसतात, म्हणून काचेच्या बरणीत ओतून ठेवतात. कारखान्याच्या खोक्यात प्रत्येक केप आपापल्या खणात निराळी ठेवलेली असते, ती शोभेसाठी नव्हे. एक उडाली तर शेजारणीने उडू नये म्हणून. बरणीत हजार केपा एकमेकींना खेटून असतात. एक पेटली की सगळ्या एकदम पेटतात आणि काचेचे तुकडे होतात. भाच्याच्या पाटावर अशीच एक बरणी होती, हे त्याच्या बोलण्यातून निघाले. त्याच फोनवर ती रिकामी करवून केपा मूळच्या खोक्यांत परत घालायला लावल्या.

सभेत पोलिसांतली आणि एन.सी.सी.तली मुले बसली आहेत, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. चाप ओढला आणि काडतूस उडाले नाही तर पिस्तुलाचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे. द्रव्य सावकाश पेटत असेल तर ते त्या अवधीत उडते. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. आवाज आला पण फुसका आला, हाताला धक्का जाणवला नाही, तर पुढची गोळी झाडू नये. एकट्या केपेच्या जोराने गोळी नळीत अर्धवट जाऊन अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फुटते. हत्यार रिकामे करून उस्तादांच्या स्वाधीन करावे, मग ते कितीही रागावोत.

भाच्याच्या दोनशे पुंगळ्यांपैकी शेवटी एकशे ब्याण्णव उपयोगी पडल्या. आठ चेपून भंगारात गेल्या. त्याने त्यांचा फोटो पाठवला होता. आम्ही तो बोटांनी मोठा करून पाहिला, आणि आठांपैकी एक पुंगळी चांगली असावी असा आमचा संशय आहे. तो आम्ही त्याला कळवलेला नाही.

येथे टेबलावर जे लाकडी नमुने ठेवले आहेत ते सागवानाचे असून शेजारच्या सुताराने कातून दिले आहेत. ९ मिलिमीटरच्या पुंगळीपेक्षा सर्व बाजूंनी दहापट मोठे, म्हणून पुंगळी वीतभर झाली आणि वहीच्या पानाइतके अंतर एक मिलिमीटरचे झाले. केपा सहा आहेत आणि सहाही बसवलेल्या आहेत. त्यांपैकी एक आम्ही मुद्दाम वर ठेवली आहे, पण पूर्ण मिलिमीटरभर नाही. चहा येईपर्यंत ज्यांना हवे त्यांनी पुढे यावे, चष्मा खिशात ठेवावा आणि ती कोणती ते बोटाने सांगावे.